ब्रुकनरची आठवी सिंफनी एका बैठकीत कशी ऐकावी

घरात दीड तास कुणी हाक मारणार नाही, अशी वेळ आधी शोधा. अँटोन ब्रुकनर या एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकाराची आठवी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची चार भागांची लांब रचना) आज एक भाग, उद्या दुसरा अशी ऐकून मी पाहिली आहे. शेवटच्या भागात आधीच्या सुरावटी परत येतात तेव्हा त्या ओळखूच येत नाहीत, आणि एवढा मोठा डोलारा नुसता गोंगाट वाटतो.

ध्वनिमुद्रण प्रत्यक्ष मैफलीतलं घ्या. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी वाद्यवृंद-संचालक पिएर बूलेझ यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेलं, 1996 सालचं सुचवेन. लांबी साधारण 76 मिनिटं. ते ऑस्ट्रियात लिंझजवळच्या सेंट फ्लोरियन मठाच्या चर्चमधलं आहे. ब्रुकनर तरुणपणी तिथे ऑर्गन वाजवायचा आणि त्याच ऑर्गनखाली त्याचं दफन झालंय. या संगीतात सगळी वाद्यं मध्येच एकदम थांबतात. कोरड्या स्टुडिओत ती जागा रिकामी वाटते. दगडी चर्चमध्ये मात्र सूर हवेत रेंगाळत राहतो आणि या माणसाला थांबायचं का होतं, ते आपोआप कळतं. (‘लाइव्ह’ म्हणवणाऱ्या मुद्रणातही पुष्कळदा दोन-तीन वेळच्या वादनांची जोडणी असते. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.)

आता आवाज लावायचा. इथेच बहुतेक जण फसतात. सुरुवात व्हायोलिनच्या बारीक थरथरीने होते, इतकी हळू की हात आपसूक आवाज वाढवायला जातो. दीड-दोन मिनिटांत सगळी पितळी वाद्यं अंगावर येतात आणि शेजारी दार वाजवतात. म्हणून आधी शेवटचं एक मिनिट लावून बघा, ते सोसेल एवढा आवाज ठेवा आणि मग पहिल्यापासून सुरू करा. अ‍ॅपवर ऐकत असाल तर सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय बंद करा, कारण हळू आणि मोठ्यातला फरक हाच इथला जीव आहे. मधे जाहिराती येत असतील तर तिथे ऐकूच नका. आणि पंखा बंद. उन्हाळ्यात हे जमत नाही, म्हणून मी ही सिंफनी थंडीत ऐकतो.

पहिला भाग सुमारे पाव तासाचा. इथे एकच काम करायचं: खालच्या तंतुवाद्यांतून अडखळत वर येणारी पहिली सुरावट लक्षात ठेवायची. भागाच्या शेवटाकडे ट्रम्पेट आणि हॉर्न तिची नुसती लय एकाच सुरावर ठोकत राहतात, आणि मग सगळं विझत जातं. मरणाऱ्या माणसाच्या खोलीत घड्याळ टिकटिकत राहावं तसं, असं ब्रुकनर या शेवटाबद्दल म्हणायचा. तुमच्याकडचा पहिला भाग दणक्यात संपला, तर तुम्हाला 1887 चा मूळ खर्डा मिळालाय. तो खर्डा ब्रुकनरने मोठ्या आशेने वाद्यवृंद-संचालक हर्मान लेवीला पाठवला होता. लेवीने नकार दिला. ब्रुकनर खचला आणि 1890 पर्यंत दुरुस्त्या करत बसला. आज बहुतेक ठिकाणी ही दुरुस्त आवृत्तीच वाजते.

दुसरा भाग, स्केर्त्झो (म्हणजे वेगवान, ठेकेदार भाग), सोपा आहे. एकच ठेका दळणासारखा फिरत राहतो, मधे थोडी शांत जागा येते, मग पुन्हा दळण. जरा पाय हलवून घ्या.

तिसऱ्या भागाला मात्र जपायचं. हा अडाजिओ, म्हणजे संथ भाग, पंचवीस मिनिटं किंवा त्याहूनही जास्त चालतो आणि घाई अजिबात करत नाही. विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांना हा संयम नवा नाही. फक्त समेची वाट पाहू नका, इथे ती येत नाही. तंतुवाद्यं श्वासासारखी धडधडतात, त्यांच्यावर एक सूर लांबत जातो, मग हार्पच्या साथीने स्वरसमूह पायऱ्या चढतात. ही चढण पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी शिखर हुकतं. खरं शिखर आल्याची खूण म्हणजे झांजा. साऱ्या सिंफनीत त्या याच एका टोकावर वाजतात. नंतरचा लांबलचक उतार हॉर्नच्या ऊबदार आवाजात येतो, आणि मला विचाराल तर सगळ्यात सुंदर मिनिटं तीच. तेव्हा फोन बघू नका.

1892 च्या डिसेंबरात व्हिएन्नात संचालक हान्स रिश्टरने ही सिंफनी पहिल्यांदा सादर केली. समीक्षक हान्सलिक चौथ्या भागाआधीच उठून गेला, असं सांगतात. तुम्ही बसा. हा भाग घोडदळाच्या टापांनी सुरू होतो, मधे थोडा भरकटतो (माझंही लक्ष तिथे सुटतं), पण शेवटच्या दोन-तीन मिनिटांत चारही भागांच्या सुरावटी एकावर एक रचल्या जातात. पहिल्या भागातली ती अडखळणारी सुरावट आता उजळून येते आणि सगळा वाद्यवृंद एकसुरात ग, रे, सा म्हणून थांबतो.

आठ-दहा दिवसांनी चेलिबिडाके या संचालकाचं 1993 सालचं म्युनिकमधलं मुद्रण लावा. बूलेझचा अडाजिओ पंचवीस मिनिटांत होतो, याचा सुमारे पस्तीस मिनिटं चालतो. रात्रीचं जेवण आधी उरकून घ्या.