जुन्या इंग्लिश लाकडी शेतघराच्या दुरुस्तीत या चुका टाळा

इंग्लंडमध्ये केंट, ससेक्स, सफोक भागांत ओकच्या लाकडी सांगाड्याची चार-पाचशे वर्षांची शेतघरं अजून नांदती आहेत. खांब-तुळयांच्या मधल्या भिंती कुडाच्या: ओकच्या फाळ्या, हेझलच्या काड्या, वर माती, पेंढा आणि शेण. कोकणातला कारवीचा कूड पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. इतकी वर्षं टिकलेलं घर नवा मालक पहिल्याच उन्हाळ्यात बिघडवतो, तेव्हा जीव तुटतो.

सगळ्यात वाईट चूक सिमेंटची. सफोकमधल्या एका घराच्या दुरुस्तीवर मी होतो. बाहेरून भिंती सपाट, पांढऱ्याशुभ्र. आधीच्या कंत्राटदारानं जुना चुना काढून सगळीकडे सिमेंटचा गिलावा चढवला होता. मालकीणबाईंची तक्रार एवढीच, की आत कुबट वास येतो. खालच्या कोपऱ्यातला एक पोपडा उचलला. मागे जमिनीलगतची आडवी तुळई होती, सगळ्या घराचा भार घेणारी. तिच्यात स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. सांध्यातल्या ओकच्या खुंट्या बोटांनी निघाल्या, आणि दोन खांबांचे बुंधे कुजून तुळईपासून केव्हाच सुटले होते.

कारण साधं आहे. ओक ऋतूप्रमाणे फुगतो, आकसतो. सिमेंट हलत नाही, मग लाकडाच्या कडेनं केसाएवढी भेग पडते. पाऊस तिथून आत शिरतो आणि सिमेंटमागे अडकतो. चुना ओल घेतो, तसाच बाहेरही सोडतो. त्यामुळे मी सिमेंट दिसलं की हलक्या छिन्नीनं, कोरड्या हंगामात, थोडं थोडं उतरवतो. मग थांबतो. भिंत पूर्ण वाळेपर्यंत पुढचं काम नाही, मालक कितीही मागे लागला तरी. कुजलेला भाग तेवढाच कापून तिरप्या सांध्यानं नवा ओक जोडायचा, वर चुन्याचा गिलावा आणि त्यावर ओलं गोणपाट. पारा पाच अंशांखाली जाणार असेल तर चुन्याला हात लावू नका. इपॉक्सी (घट्ट होणारी कृत्रिम राळ) भरून आठवड्यात मोकळं करून देणारे भेटतील. त्यांना घरात घेऊ नका.

दुसरी चूक घर वाचण्यातली. तुळईत रिकाम्या खाचा दिसल्या की लोक छातीठोकपणे सांगतात, हे मोडलेल्या जहाजाचं लाकूड. समुद्र कित्येक कोस लांब असला तरी! बहुतेक वेळा तिथे पूर्वी भिंत होती आणि ती काढली, किंवा तुळई आधीच्या एखाद्या कोठारातली आहे. वाकडी लाकडंही जहाजातली नव्हेत. सुतार वाकड्या वाढलेल्या ओकमधून ती मुद्दाम निवडत. कोरलेले रोमन आकडे दिसले तर हात फिरवून पाहा. सांगाडा आधी जमिनीवर जुळवून, मग सुटा करून उभारत, तेव्हाच्या त्या सुतारखुणा.

वय ठरवायला दारावरचा साल बघू नका, तो दुरुस्तीचाही असू शकतो. माळ्यावर चढा. वासे काजळीनं काळे असतील तर घर बहुधा उघड्या दिवाणखान्याचं होतं: मधोमध चूल, वर मजला नाही, धूर छतातून बाहेर. धुराडं आणि वरचा मजला बहुतेक घरांत सोळाव्या शतकात किंवा नंतर आले. वेस्ट ससेक्समध्ये सिंगलटनच्या जुन्या घरांच्या संग्रहालयात 'बेलीफ' (Bayleaf) नावाचं पंधराव्या शतकातलं शेतघर आहे. केंटमध्ये जलाशय होणार म्हणून ते उतरवून तिथे पुन्हा उभं केलं. आधी तिथे जाऊन मान वर करून उभे राहा. आणि हो, माळ्यावरची काजळी धुऊन काढू नका. तो घराचा दाखला आहे.

सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या झोतानं लाकूड खरवडणं: कधीच नाही. ओकचा वरचा थर, सुताराच्या हत्यारांच्या खुणांसकट, तासाभरात जातो. जुन्या इमारती खरवडण्याविरुद्धच इंग्लिश कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली.

लाकूड काळंकुट्ट रंगवणं: ही बरीचशी व्हिक्टोरियन काळातली हौस. सफोकमध्ये तर लाकडावरूनही चुना फिरवत.

परवानगी न घेणं: 'लिस्टेड', म्हणजे सरकारी वारसा यादीतल्या, घराचं स्वरूप बदलणारं काम विनापरवाना केलं तर १९९० च्या कायद्यानं तो फौजदारी गुन्हा आहे.

भुंगेऱ्याची भोकं दिसताच औषध फवारणं: डेथवॉच भुंगेरा ओलसर, बुरशीनं मऊ झालेल्या ओकमध्ये फोफावतो. आधी पन्हळ साफ करा, गळकी कौलं बदला, भिंतीला टेकलेली माती दूर सारा. मग वसंतात भोकांखाली नवा भुसा पडतोय का ते बघा. पडला तरच पुढचं बोलू.