महागड्या घड्याळाची चेन घरी काढताय? हत्यार निवडताना या चुका टाळा

घड्याळ दोन लाखांचं आणि चेन काढायला आणलेलं हत्यार दोनशे रुपयांचं, ही जोडी नाशिकमध्ये आता बऱ्याच घरांत सापडेल. कॉलेज रोड, गंगापूर रोडला मनगटांवर टिसो, ओमेगा, रोलेक्स दिसायला लागले आणि चेन काढून चामड्याचा नाहीतर रबरी पट्टा चढवायची हौसही मागोमाग आली. हौसेला काहीच हरकत नाही. चेन काढायला घड्याळ उघडावं लागत नाही, मशीनला हातही लागत नाही, त्यामुळे हे काम घरी जमण्यासारखं आहे. फसतं ते हत्यारापाशी. कारण लोक आधी ऑनलाइन हत्यार मागवतात आणि ते हातात आल्यावर घड्याळ उलटं करून बघतात.

पहिली चूक: जोड न बघता हत्यार घेणं

घड्याळ पालथं करा, खिडकीपाशी या आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून चेन केसला, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डबीला, कशी जोडली आहे ते बघा. केसला वर दोन, खाली दोन असे चार कान असतात. त्यांना लग म्हणतात. बहुतेक घड्याळांत दोन कानांच्या मधे स्प्रिंगची पिन बसवलेली असते: एक पोकळ नळी, आत बारीक स्प्रिंग आणि दोन्हीकडे आत दबणारी टोकं. टोकाच्या जरा अलीकडे पिनेला खांदा असतो. त्या खांद्याला हत्याराची दोन शिंगं अडकवून टोक आत ओढलं की ते कानातल्या भोकातून सुटतं. यात ताकदीचं काहीच काम नाही.

आता कानांच्या बाहेरच्या बाजूला आरपार भोक दिसतंय का? १९९०च्या दशकातल्या रोलेक्स सबमरिनरला अशी भोकं असत, आजही काही डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीच्या, घड्याळांना असतात. तसं असेल तर शिंगांची गरजच नाही, बाहेरून सरळ टोकाच्या हत्याराने पिन दाबली की काम झालं. भोक नसेल तर मागच्या फटीतून शिंगाचं हत्यार लागेल. चेनच्या पाठीला बारीक खिट्टी किंवा खटका दिसत असेल तर काहीच विकत घेऊ नका. टिसोच्या पीआरएक्सला अशी नखाने सरकवायची खिट्टी असते, तर २०१८ नंतरच्या कार्टिए सॅन्टोसला खाली दाबायचं बटण असतं. अशा घड्याळाला शिंगाचं हत्यार लावणं म्हणजे दार उघडं असताना खिडकीतून चढणं.

पिनेऐवजी स्क्रूचं डोकं दिसलं तर प्रकरण वेगळं. पॅनेराईच्या अनेक मॉडेलांत कानातच स्क्रू असतो. हुब्लोच्या स्क्रूंची खाच इंग्रजी एच अक्षरासारखी असते, तिला साधा स्क्रू ड्रायव्हर बसतच नाही.

दीडशे नगांचा किट

झिपच्या काळ्या पाऊचमध्ये हातोडी, पक्कड, चिमटे, केस उघडायचं हत्यार, सुटे स्क्रू आणि शंभरेक पिना. फोटो बघून मोह होतो. पण त्यातलं तुम्हाला लागणारं असतं एक, फार तर दोन नग, आणि नेमके तेच निकृष्ट निघतात. शिंगांची कड घासून साफ केलेली नसते, तिच्यावर धातूची कूस राहिलेली असते. शिंगावरून नख फिरवलंत तर ती लगेच अडकेल. जी कूस नखाला अडकते ती कानाच्या आतल्या पॉलिशवर रेघ ओढणारच. वर शिंगं जाड असतात, ती घट्ट जागी शिरत नाहीत म्हणून माणूस जोर लावतो, शिंग वाकतं आणि निसटतं. निसटलेलं हत्यार कानाच्या पाठीवरून सरळ खाली जातं आणि तिथे जो चरा पडतो तो लांब आणि खोल असतो.

किटमधलं केस उघडायचं हत्यार तर मी सरळ बाजूला काढून ठेवीन. हाताशी असलं की वापरायची इच्छा होते.

त्यापेक्षा एकच चांगलं हत्यार घ्या. स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावातली बर्जों ही कंपनी घड्याळजींची हत्यारं बनवते, मूळ १७९१चं. तिचं ६७६७-एफ हे बारीक शिंगांचं हत्यार चेनसाठी नावाजलेलं आहे. एका टोकाला शिंगं, दुसऱ्या टोकाला सरळ सुई, आणि झिजल्यावर टोक बदलता येतं. त्याच मालिकेतलं रुंद शिंगाचं हत्यार चामड्याच्या पट्ट्याला सोयीचं, पण चेनला नको. नक्कल सर्रास मिळते, म्हणून फारच स्वस्त दिसलं तर संशय घ्या. दर आठवड्याला पट्टे बदलायची सवय असेल तर दोन्ही टोकं एकदम दाबणारा चिमटा बघा. कानांच्या रुंदीप्रमाणे तो स्क्रूने जुळवून घेता येतो. वर्षातून दोनदा चेन काढणाऱ्याने त्यावर पैसे घालायचं कारण नाही.

जाड शिंग, भरीव कडी

सगळ्यात जास्त चरे इथे पडतात, म्हणून जरा थांबून बघू. जुन्या किंवा स्वस्त चेनची केसला चिकटणारी शेवटची कडी पत्र्याची, पोकळ असते. तिथे हत्याराला भरपूर जागा मिळते. महागड्या घड्याळात ही कडी भरीव असते आणि कानात इतकी चपखल बसते की दोघांमधून कागद जेमतेम सरकेल. मागच्या बाजूला पिनेच्या टोकांपाशी तेवढी छोटी खाच सोडलेली असते. बारीक शिंग त्या खाचेतून आत घाला, पिनेच्या खांद्यामागे अडकवा आणि घड्याळाच्या मध्याकडे हलकेच ओढा. टोक सुटल्याचं बोटाला जाणवतं. लगेच कडी उचलू नका. एका बाजूचं टोक किंचित बाहेर आणून तिथेच धरून ठेवा, मग दुसरी बाजू करा. एक बाजू सुटल्यावर कडी तिरकी ओढली तर दुसरीकडची पिन वाकते आणि कडीचा कोपरा कानाच्या आत घासतो. हत्यार कितीही भारी असलं तरी हा चरा पडतोच.

पहिल्यांदा करताय तर घड्याळ पारदर्शक पिशवीत ठेवून, हात पिशवीत घालून काम करा. दिसायला विचित्र, पण स्प्रिंगची पिन उडाली की फरशीवर सापडत नाही.

टेप न लावणं

"मी सावकाश करतो, टेप कशाला?" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं धातुज्ञान. घड्याळांचं ३१६एल स्टील, आणि रोलेक्स वापरते ते ९०४एल सुद्धा, गंज न धरण्यासाठी निवडलेलं असतं, कठीणपणासाठी नाही. हत्याराचं कडक केलेलं स्टील त्याच्या कित्येक पट कठीण असतं. सोन्याचं घड्याळ आणखी मऊ. म्हणजे हत्यार घासलं तर हरणार घड्याळच. काचेची मात्र काळजी नको, नीलमणी काच कठीणपणाच्या मोह्स मापावर ९ला असते, स्टीलला ती दाद देत नाही.

कानांच्या आतबाहेर आणि मागच्या झाकणाच्या कडेला टेप लावा. केशरी-पिवळी कॅप्टॉन टेप उत्तम. ती पातळ असते आणि काढल्यावर गोंद मागे राहत नाही. एम.जी. रोडला मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ती असते, चौकशी करा. नाहीतर रंगाच्या दुकानातली मास्किंग टेप चालेल. स्टेशनरीतली चकचकीत चिकटपट्टी नको, तिचा गोंद फटीत राहतो आणि पुढे त्यावर घाम-धूळ बसते.

"आतल्या बाजूचा चरा कोणाला दिसतोय?" हाही युक्तिवाद ऐकू येतो. विकायला काढाल तेव्हा दिसेल. जुन्या रोलेक्सचा सीरियल नंबर सहाच्या बाजूला कानांच्या मधे कोरलेला असे आणि मॉडेल नंबर बाराच्या बाजूला. साधारण २००५पासून सीरियल डायलभोवतीच्या आतल्या कड्यावर यायला लागला. जुन्या घड्याळाचा जाणकार गिऱ्हाईक चेन काढून तीच जागा आधी बघतो. तिथे खरडलेलं दिसलं तर तो भाव पाडणार, आणि पॉलिश मारून आकडे पुसट केले असतील तर आणखी पाडणार.

स्क्रू ड्रायव्हर: रुंदी बघतात, जाडी विसरतात

इथून पुढचं काम कड्या कमी-जास्त करण्याचं. ते चेन केसपासून सुटी करूनच करा, म्हणजे हत्यार घसरलं तरी घड्याळ लांब असेल. रोलेक्स, ट्यूडरसारख्या चेनमध्ये कड्या स्क्रूने जोडलेल्या असतात. पातं खाचेएवढंच रुंद हवं. अरुंद पातं खाच कुरतडतं, जास्त रुंद पातं शेजारच्या कडीला ओरखडतं. आणि जाडीही खाचेइतकीच हवी. चष्म्याच्या स्क्रू ड्रायव्हरचं पातं पाचरीसारखं असतं. खाचेच्या तळाला ते टेकतच नाही, फक्त वरच्या कडेवर अडकतं, आणि पिळलं की वर सरकतं. अंबड-सातपूरला टूलरूममध्ये कुणी ओळखीचं असेल तर व्हर्नियरने खाच मोजून घ्या, आणि पातं किंचित जाड असेल तर तेलदगडावर बेताने उतरवा. एमआयडीसीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातल्या बहुतेक छोट्या सेटची टोकं चुंबकीय असतात. बॅटरीवर न चालणाऱ्या, मशीनच्या घड्याळाजवळ ती नकोत. केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागलं तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळायला लागतं. स्क्रू गोळा करायची चुंबकी वाटीही टेबलावरून उचला.

काही चेनमध्ये दोन्ही बाजूंना खाच दिसते. एक बाजू पिळली की सगळंच गरगर फिरतं, सुटत काही नाही. तिथे दोन ड्रायव्हर लागतात, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने सोडायचं.

स्क्रू हलत नाही तेव्हा

जोर वाढवू नका. कारखान्यात स्क्रूला थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, लावलेलं असतं, ते गरम केल्यावर नरमतं. सुटी केलेली चेन कपभर कडक गरम पाण्यात काही मिनिटं ठेवा, पुसा आणि लगेच प्रयत्न करा. अख्खं घड्याळ गरम पाण्यात घालायचं नाही, त्याचे गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा, खराब होतात. परत बसवताना हलक्या ताकदीचं थ्रेडलॉक, म्हणजे जांभळं लॉकटाइट २२२, टाचणीच्या टोकावर मावेल इतकंच लावा. लाल रंगाचं जवळही नको, ते कायमचं धरतं.

स्प्रिंगची पिन दबत नसेल तर बहुतेक वेळा घामाचा मळ जमलेला असतो. पावसाळ्यात रेनकोटच्या बाहीखाली दिवसभर ओली राहिलेली चेन असेल तर नक्कीच. चावी घट्ट बंद असल्याची आणि घड्याळ पाणी झेलणारं असल्याची खात्री करा. मग कोमट पाणी, साबणाचा थेंब आणि मऊ ब्रश. गंज सोडवायचा स्प्रे केसवर मारू नका.

बाण उलटा, नळी गायब

सेको, सिटिझनसारख्या बऱ्याच चेनमध्ये स्क्रू नसून ठोकायच्या पिना असतात. आतल्या बाजूला बाण कोरलेला असतो, पिन बाणाच्या दिशेने बाहेर येते आणि उलट दिशेने आत जाते. स्क्रू फिरवून पिन ढकलणारं जे छोटं यंत्र मिळतं, त्याची सुई जरा तिरकी लागली की मोडते. प्लास्टिकचा ठोकळा, पिनेपेक्षा किंचित बारीक पंच आणि पितळी किंवा नायलॉन तोंडाची हातोडी बरी पडते.

सेकोच्या अनेक चेनमध्ये मधल्या कडीत तांदळाच्या कणीएवढी नळी असते. पिन निघाली की ती गुपचूप गळून पडते. चेन परत जोडली, पिन आरामात आत गेली, ठोकावीही लागली नाही, असं झालं तर खूश होऊ नका. नळी खाली पडली आहे. ती शोधा, तिच्याशिवाय पिनेला काही धरत नाही.

नवी पिन घेताना

लांबी कानांमधल्या अंतराएवढी, १८, २० किंवा २२ मि.मी., हे सगळ्यांना माहीत असतं. जाडीकडे दुर्लक्ष होतं. दुकानात मिळणारी साधी पिन बहुधा १.५ किंवा १.८ मि.मी. जाड असते. सेकोच्या बऱ्याच डायव्हर घड्याळांची मूळ पिन २.५ मि.मी.ची असते. तिथे बारीक पिन बसते खरी, पण चेन खुळखुळते आणि टोक भोकात नीट अडकत नाही. मूळ पिन नीट असेल तर तीच परत वापरा, वाकली असेल तर सरळ करून वापरू नका.

बसवल्यावर दोन्ही टोकांचा टक् असा आवाज आला का ते ऐका. मग गादीवर धरून चेन चारही बाजूंना बऱ्यापैकी जोराने ओढून बघा. ही ओढ घरीच द्या. द्वारका चौकात ॲक्टिवाचा हँडल वळवताना घड्याळ सुटलं तर थांबून उचलायची सोय नसते.

घरी हात न लावलेलं बरं

ऑदमार पिगेच्या रॉयल ओकसारखी, जिथे केस आणि चेन एकसंध दिसते ती घड्याळं, सोन्याच्या चेनी, काळा मुलामा दिलेल्या केसेस आणि खाच आधीच कुरतडलेले स्क्रू. काळ्या मुलाम्यावर चरा पडला तर खालचं पांढरं स्टील उघडं पडतं, ते पॉलिशने झाकत नाही. सिरॅमिकवर चरा पडत नाही, पण ठोकलं तर टवका उडतो. अशी घड्याळं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा भरवशाच्या घड्याळजींकडे न्या. स्वतः पाडलेला चरा वॉरंटीत बसत नाही. घड्याळजींनाही "आधी टेप लावाल ना काका?" असं विचारायला संकोच करू नका. चांगला कारागीर रागावत नाही, आणि जो रागावेल त्याच्याकडे घड्याळ ठेवू नका.