कामासाठी परगावी गेलात? जेवणाची जागा निवडताना या चुका टाळा

दोन दिवसांच्या कामासाठी दुसऱ्या शहरात जायचं ठरलं की तिकीट, मुक्काम, सादरीकरण सगळं आधी ठरतं. जेवण मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ यावर सोडलं जातं. मग रात्री साडेनऊला, दिवसभराच्या बैठकांनी डोकं शिणलेलं असताना फोनवर शोधाशोध सुरू होते. भूक लागल्यावर माणूस निवड करत नाही, समोर येईल ते उरकतो.

किती जेवणं आपल्या हातात आहेत, हेच न मोजणं

दोन दिवस म्हणजे नाश्ता धरून पाच-सहा वेळा खाणं. पण नाश्ता बहुधा मुक्कामाच्या जागीच होतो, दुपारचं जेवण जिथे काम आहे तिथे, आणि एखाद्या रात्री सगळ्या टीमसोबत जावं लागतं. खरी निवड उरते ती एक-दोन जेवणांची. तेवढ्यासाठी ‘या शहरात खायलाच हव्यात अशा पन्नास जागा’ वाचण्यात अर्थ नाही. त्या याद्या सुट्टीवर आलेल्यांसाठी असतात.

निघण्याआधी दहा मिनिटं काढा. मुक्कामापासून चालत जाता येतील अशा दोन जागा आणि कामाच्या ठिकाणाजवळची एक जागा नकाशावर सेव्ह करून ठेवा. हौसेची जागा निवडायचीच असेल तर ती काम संपल्यानंतरच्या जेवणासाठी ठेवा.

फक्त तारे बघणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. 15 जणांनी मिळून दिलेल्या 4.8 पेक्षा दोन हजार जणांच्या 4.3 वर मी डोळे मिटून विश्वास ठेवेन. पंधरा जणांत मालकाचे मित्र किती, कोण सांगणार? शिवाय सरासरीत जुने तारेही धरलेले असतात. आचारी बदलला, मालक बदलला, तरी आकडा बराच काळ तसाच राहतो. म्हणून अभिप्राय ‘सर्वात नवीन’ असे लावून गेल्या दोन-तीन महिन्यांतले वाचा.

एक तारा देणाऱ्यांचं म्हणणंही वाचावं, पण तक्रार कशाची आहे ते बघून. गाडी लावायला जागा नाही, या तक्रारीशी पायी जाणाऱ्याला देणंघेणं नाही. ‘ऑर्डर यायला पाऊण तास लागला’ असं चार जणांनी लिहिलं असेल, तर दुपारच्या सुट्टीत तिथे जाऊ नये. रात्री जायला हरकत नाही. पोट बिघडल्याचा उल्लेख मात्र पुन्हा पुन्हा दिसला तर ती जागा यादीतून काढून टाका, तारे कितीही असोत. फोटो बघायचे ते ग्राहकांनी टाकलेले. मेन्यूकार्डाचा ताजा फोटो सापडला तर भावाचाही अंदाज येतो आणि भत्त्यात बसेल का ते कळतं.

‘रात्री 11 पर्यंत उघडे’ यावर विसंबणं

दार बंद होण्याची वेळ आणि स्वयंपाकघर बंद होण्याची वेळ एकच नसते. शेवटची ऑर्डर बऱ्याच ठिकाणी अर्धा-पाऊण तास आधीच घेतात. उशिरा पोहोचणार असाल तर एक फोन करा: शेवटची ऑर्डर किती वाजता घेता, आणि आज चालू आहात ना? साप्ताहिक सुट्टी आणि सणावाराच्या वेळा ऑनलाइन बदललेल्या असतीलच असं नाही.

ऑफिसांच्या भागात आणखी एक मेख असते. दुपारी जिथे उभं राहायला जागा नसते, त्यातली कितीतरी दुकानं संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी बंद असतात. अंतरही किलोमीटरमध्ये मोजू नका. नकाशात निघण्याची वेळ टाकून प्रवासाला किती मिनिटं लागतील ते बघा.

महत्त्वाच्या बैठकीच्या आदल्या रात्री प्रयोग करणं

नवीन, जड, तिखट असं काही आदल्या रात्री नको. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अन्न गरम आहे का ते बघा. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू वेगाने वाढतात. त्यामुळे बुफेतलं कोमट झालेलं अन्न हे महागड्या जागीही जोखमीचंच. काही जिवाणूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. गर्दीच्या साध्या जागी समोर शिजवून वाढलेलं गरम अन्न त्यापेक्षा बरं.

काही पदार्थ वर्ज्य असतील किंवा ॲलर्जी असेल तर तिथल्या भाषेत दोन ओळी लिहून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. रस्सा, सॉस आणि तळण्याचं तेल यांबद्दल वेगळं विचारा. गोंधळ तिथेच होतो.

तरीही अडचण आलीच तर

*पोहोचलात आणि रांग आहे:* एकटे असाल तर काउंटरची जागा आहे का विचारा. पंधरा मिनिटांत नंबर लागत नसेल तर सेव्ह केलेल्या दुसऱ्या जागी जा.

*सगळं बंद झालंय:* घरपोच मागवा, पण मुक्कामाच्या जागी खोलीपर्यंत येऊ देतात की खाली जाऊन घ्यावं लागतं, ते आधी रिसेप्शनला विचारा. तिथल्याच माणसाला ‘चांगलं कुठे मिळतं’ असं मोघम विचारू नका. ‘आत्ता, चालत दहा मिनिटांत, साधं जेवण’ असं विचारलंत तर कामाचं उत्तर मिळेल.

*पोट बिघडलं:* शेवटच्या जेवणालाच दोष द्यायची घाई नको. काही विषबाधा अर्ध्या तासात जाणवतात, तर नोरोव्हायरस या उलट्या-जुलाब घडवणाऱ्या विषाणूला 12 ते 48 तास लागतात. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच सुरक्षित पाण्यात विरघळवा आणि घोट घोट प्या. हात साबणाने धुवा, कारण नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. जुलाबात रक्त, जास्त ताप किंवा पाणीही पोटात न टिकणं, यांपैकी काही दिसलं तर बैठक राहू द्या आणि डॉक्टरांकडे जा.

*बिल ऑफिसात नामंजूर होतंय:* कार्डाच्या पावतीवर नुसती रक्कम असते. पदार्थांची यादी असलेलं बिल मागा, कंपनीचं नाव त्यावर घालायचं असेल तर ते ऑर्डर देतानाच सांगा, आणि टेबलावरून उठण्याआधी त्याचा फोटो काढा. थर्मल कागदावरची छपाई काही आठवड्यांत पुसट होऊ शकते.