पंथप्रमुखाच्या गुन्ह्यांचे चरित्र कसे वाचावे

पंथप्रमुखाचे गुन्हेगारी चरित्र हाती घेणाऱ्या वाचकाला शेवट बहुधा आधीच ठाऊक असतो. दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात जिम जोन्स या अमेरिकी पंथप्रमुखाने वसवलेल्या जोन्सटाउनमध्ये १९७८ साली त्याच्या नऊशेहून अधिक अनुयायांचा अंत झाला, हे माहीत असूनही तो जोन्सचे जाडजूड चरित्र उघडतो आणि ते त्याला खाली ठेववत नाही, कारण खुनी कोण याचा शोध तेथे नसतोच. एवढी माणसे त्याच्यामागे गेली कशी, हा प्रश्न त्याला धरून ठेवतो. या कुतूहलाची लाज वाटण्याचे कारण नाही. अडचण एवढीच आहे की, त्या प्रश्नाचे उत्तर ज्या पानांत असते तीच पाने वाचक शेवट गाठण्याच्या घाईत चाळून टाकतो.

म्हणून सुरुवातीची प्रकरणे सर्वांत सावकाश वाचावीत. जोन्सच्या बाबतीत ती १९५० च्या दशकातल्या इंडियानापोलिसची आहेत. वर्णभेद अंगवळणी पडलेल्या त्या शहरात त्याच्या प्रार्थनागृहात गोरे आणि काळे शेजारी शेजारी बसत, भुकेल्यांना जेवण मिळे, वृद्धांची देखभाल होई, आणि जोन्स दांपत्याने स्वतः वेगवेगळ्या वंशांची मुले दत्तक घेतली होती. पुढे कॅलिफोर्नियात त्याचे वजन इतके वाढले की १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गृहनिर्माण प्राधिकरणावर त्याची नेमणूक झाली. येथे थांबून, आपण त्या काळी त्या शहरात राहत असतो तर त्या दारातून आत गेलो असतो का, याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. ‘गेलो असतो’ असे उत्तर आले, तर पुस्तक आता कुठे खऱ्या अर्थाने सुरू झाले असे समजावे.

येथून पुढे पेन्सिल हाताशी असू द्यावी. अनुयायाला जे मिळाले ते पानाच्या डाव्या समासात टिपावे आणि त्याला जे द्यावे लागले ते उजव्या समासात. उजवा समास हळूहळू भरत जातो: आधी सुट्टीचे दिवस, मग पगार, मग घरदार, मग कोऱ्या कागदांवरच्या सह्या, आणि गयानाच्या जंगलात पोहोचल्यावर पासपोर्टही. यांतली कोणतीही एक मागणी तिच्या आधीच्या मागणीपेक्षा फार मोठी वाटत नाही. परतीची वाट नेमकी कोणत्या पानावर बंद झाली, हे टिपणे समोर असल्याशिवाय सांगता येत नाही. ‘ब्रेनवॉश’ हा शब्द वापरून मोकळे होणाऱ्या लेखकाने ही सारी मधली पायरी गाळलेली असते. असे पुस्तक बाजूला ठेवावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

बालपणाच्या प्रकरणांना मात्र फार वेळ देऊ नये. अमेरिकेतला आणखी एक पंथप्रमुख चार्ल्स मॅन्सन याचे लहानपण सुधारगृहांत गेले, हे कळल्याने मॅन्सन थोडासा कळतो, त्याच्या सांगण्यावरून १९६९ मध्ये खून करणारी तरुण माणसे कळत नाहीत.

संवाद आले की सावध व्हावे. बंद खोलीतले बोलणे लेखकाला कोणी सांगितले, ते किती वर्षांनी सांगितले, आणि सांगणाऱ्याला स्वतःचा बचाव करायचा होता का, हे शेवटच्या टिपांत पडताळावे. जोन्सटाउनबद्दल लिहिणाऱ्याला सबब सांगता येत नाही, कारण तेथील ध्वनिफिती मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. १८ नोव्हेंबर १९७८ च्या अखेरच्या सभेचीही सुमारे ४५ मिनिटांची फीत आहे. तीत क्रिस्टीन मिलर ही अनुयायी उभी राहून जोन्सला विरोध करते, रशियाला जाण्याचा मार्ग अजून खुला आहे का असे विचारते, मुलांना जगण्याचा हक्क आहे असे म्हणते, आणि जमावच तिचा आवाज दाबतो. चरित्रकाराने या बाईला किती जागा दिली आहे, ते आवर्जून पाहावे. तिला एका ओळीत उरकणाऱ्या लेखकाला केवळ नायकात रस असतो.

त्या दिवशीच्या ९१८ मृतांत विमानाच्या धावपट्टीवर गोळ्या घालून मारलेले अमेरिकी काँग्रेस सदस्य लिओ रायन होते, आणि तीनशेहून अधिक मुले होती. सशस्त्र पहाऱ्यात विष पाजलेल्या मुलांच्या मृत्यूला लेखक सरसकट ‘सामूहिक आत्महत्या’ म्हणत असेल, तर त्याच्या इतर शब्दांकडेही संशयाने पाहावे.

एक चरित्र संपल्यावर दुसरे वेगळ्या देशातले घ्यावे. २० मार्च १९९५ रोजी जपानमधल्या शोको असाहाराच्या ज्या पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडला, त्या पंथात डॉक्टर आणि वैज्ञानिक होते. केवळ अडाणी माणसेच फसतात, ही समजूत तेथे टिकत नाही.

शेवटी, जिवंत राहिलेल्यांचे प्रकरण कधीही सोडू नये. जोन्सटाउनमधून त्या अखेरच्या दिवशी सकाळीच काही जण सहलीचे निमित्त करून जंगलातून पायी निसटले होते. बास्केटबॉल संघाबरोबर गयानाची राजधानी जॉर्जटाउनला गेलेल्या जोन्सच्या मुलांनी मरण्याचा आदेश मानला नाही. या प्रत्येकाचे नाव मागच्या पानांत शोधावे, त्याच्यासमोरचे दोन्ही समास पुन्हा वाचावेत, आणि नकार देण्याचे बळ त्याला कोठून मिळाले असावे याचा माग लेखकाने काढला आहे का, ते तपासावे.