खाऱ्या पाण्याची नवी टाकी: सायकलिंग आणि पहिलं शेवाळ

सायकलिंग म्हणजे मासे सोडण्याआधी टाकीत विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू वाढवणं. आरओ-डीआय (गाळून सगळे क्षार काढलेल्या) पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ विरघळवा. २५ अंश तापमानाला सापेक्ष घनता (साध्या पाण्याच्या तुलनेत) १.०२५ यायला हवी. लाइव्ह रॉक (जिवाणू असलेले समुद्री दगड) किंवा कोरडे दगड आणि वाळू टाका, पंप सुरू करा, दिवे मात्र बंद ठेवा.

आता जिवाणूंना खाद्य हवं. १०० लिटरला ०.६ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घातलं की अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरला २ मिलिग्रॅमच्या) आसपास येतो. त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट होतं. कोरड्या दगडांवर याला ४ ते ६ आठवडे लागतात. मासे घालून सायकल करू नका, बिचाऱ्यांचे कल्ले भाजतात. घातलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत संपून नायट्राइटही शून्य दिसला, की पाणी बदला आणि एकच मासा सोडा.

मग वाळूवर तपकिरी थर येतो. बोट फिरवताच निघाला तर तो डायटम, म्हणजे सिलिकेटवर वाढणारं सूक्ष्म शेवाळ. पाण्यातलं सिलिकेट संपलं की आपोआप जातो. टिकला तर आरओ-डीआय पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) तपासा, शून्यच हवा. हिरवं केसाळ शेवाळ हातानेच उपटा, दिवे ६ तासांवर आणा, खाणं कमी करा. फॉस्फेट मात्र शून्यावर नेऊ नका, तिथे डायनोफ्लॅजेलेट्स (चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव) फोफावतात.