पंख्याला तेल पाजू नका

नाशकात नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंख्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. रंगपंचमीला रहाडीतून, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदातून, चिंब होऊन आलेला माणूस घरी बटण दाबतो, पंखा नुसता 'घूंऽऽ' करतो आणि सल्ले सुरू होतात. पहिला सल्ला ठरलेला: तेल सोड. शिलाई मशिनचं, नाहीतर खोबरेल. अहो, आताच्या पंख्यात बंद बेअरिंग असतात, ग्रीस आतच भरलेलं असतं. वरून ओतलेलं तेल बहुतेक वेळा तिथवर पोचतच नाही. पोचलंच तर ग्रीस पातळ करतं आणि उरलेलं वाइंडिंगवर, म्हणजे मोटरच्या तारांच्या वेढ्यांवर, बसून धूळ धरतं. बाटली जागेवर ठेवा.

आधी रोग ओळखा. बटण बंद असताना पातं हलकेच ढकला. खरखर झाली किंवा पंखा लगेच अडकून थांबला तर बेअरिंग गेलं. ते ठोकून काढायला पंखा खाली उतरवावा लागतो, दुकानात द्या. पंखा सहज फिरतोय? मग बटण चालू करून कोरड्या लाकडी काठीने एक धक्का द्या. हात घालू नका. धक्क्यानंतर तो फिरत राहिला, त्यातही ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला, तर कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरण्याचा रेटा देणारी छोटी डबी, गेला. पंखा दिवसेंदिवस संथ होत गेला असेल तरी पहिला संशय त्याच्यावरच. काठीचा धक्का तपासणीपुरता ठीक. रोज काठीने पंखा चालू करणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे पुढे वाइंडिंग जळतं. जळका वास येतच असेल तर खटपट थांबवा, रिवाइंडिंगला द्या. रेग्युलेटरच्या ठरावीक आकड्यांवरच पंखा रुसत असेल तर रेग्युलेटर बदला.

नवा कपॅसिटर शंभराच्या आत मिळतो. जुन्यावरचा आकडा वाचून तोच घ्या. घरगुती सीलिंग फॅनला बहुधा २.५ मायक्रोफॅरड असतो, ४४० व्होल्ट एसीचा. "जरा मोठा टाक, वारा जास्त येईल" हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा. वारा थोडा वाढेलही, पण वाइंडिंग तापेल.

आता खरी गोम. घोड्यावर, म्हणजे दुहेरी शिडीवर, चढण्याआधी मेन पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये कितीदा तरी बटण फेजवर (वीज आणणाऱ्या वायरीवर) नव्हे, न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) बसवलेलं निघालं आहे. पंखा बंद दिसतो आणि वरच्या वायरीत फेज हजर. दांडीवरचा वायरी झाकणारा कप खाली सरकवला की टेस्टर लावाच. जुना कपॅसिटरही चार्ज धरून बसलेला असू शकतो. मुठीला इन्सुलेशन असलेल्या स्क्रूड्रायव्हरने त्याची दोन टोकं जोडून घ्या. तो झटका जीवघेणा नसला तरी दचकून घोड्यावरून पडलात तर हाड मोडेल.

आत मोटरच्या तीन वायरी दिसतील: एक कॉमन, एक रनिंगची, एक स्टार्टिंगची. कपॅसिटर रनिंग आणि स्टार्टिंगच्या मध्ये बसतो. रंगांवर विसंबू नका, ते कंपनीगणिक बदलतात. मी विसंबलो होतो. पंचवटीत आत्याकडे भर एप्रिलात, पारा चाळिशीला, सगळ्या वायरी एकदम सोडवल्या आणि अंदाजाने जोडल्या. पहिल्यांदा पंखा नुसता गुणगुणला, कारण कॉमन चुकली होती. दुसऱ्यांदा छान गरगरला. मी घाम पुसत खाली उतरलो, तर आत्या म्हणाली, "अरे, हा वारा मला घालतोय की आढ्याला?" पंखा उलटा फिरत होता. खालून पाहिलं तर आपल्याकडचे पंखे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. हा काट्यांसारखा फिरून हवा वर फेकत होता.

म्हणून सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आणि एका वेळी एकच वायर सोडा. जुन्याची एक वायर काढली की नव्याची तिथेच लावा, मगच दुसरीला हात. कपॅसिटरला प्लस-मायनस नसतं, त्यामुळे त्याच्या दोन वायरींत चूक होऊच शकत नाही. कुणी आधीच सगळं सोडून ठेवलं असेल तर मल्टिमीटर घ्या, मेन बंद, कपॅसिटर काढलेला, आणि तीन वायरींमधला ओहम जोडीजोडीने मोजा. सर्वांत जास्त रीडिंग ज्या जोडीत, ती दोन टोकं कपॅसिटरची. उरलेली कॉमन, ती न्यूट्रलला. त्या दोनांपैकी एकीला फेज द्या. पंखा उलटा फिरला तर मेन पाडून फेज दुसरीला द्या. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर आत्याचा टोमणा वाचला असता.

पंखा डगमगत असेल तर पात्यांचे स्क्रू आवळा. वर चढलाच आहात तर हुकाचा बोल्ट आणि त्यातली स्प्लिट पिन जागेवर आहे ना बघा. दोन पंख्यांची पाती आपसांत बदलू नका, ती वजन जुळवून दिलेली असतात.

हे सगळं साध्या पंख्यांचं. रिमोटवाल्या बीएलडीसी पंख्यात हा कपॅसिटर नसतो, आत सर्किट असतं. तो अडखळत असेल तर बोर्डवर जुना रेग्युलेटर तसाच जोडलेला नाही ना, एवढं बघा. असेल तर तो काढून वायर थेट द्या, आणि तरीही नाही चालला तर वॉरंटीचं कार्ड शोधा.