तलवारीने शॅम्पेन उघडायला शिकताना

पहिले दोन आठवडे पातं माझ्या हातात आलंच नाही. हॉटेलच्या बँक्वेट विभागात मी नवीन होते. समारंभात तलवारीने शॅम्पेन उघडणाऱ्या आमच्या वरिष्ठांना पाहिलं आणि मलाही शिकवा म्हणून त्यांच्या मागे लागले. त्यांनी रिकाम्या बाटल्यांचा खोका पुढे सरकवला आणि म्हणाले, "डोळे मिट आणि रेघ शोध."

ती रेघ म्हणजे साच्याचा जोड. बाटली दोन अर्ध्या साच्यांत घडते, त्यामुळे तिच्या अंगावर समोरासमोर दोन बारीक उभ्या रेघा राहतात. लेबल बहुधा त्या दोघींच्या मधे चिकटवलेलं असतं, म्हणून त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला बोट फिरवलं की रेघ नखाला लागते. बाटलीच्या तोंडाशी काचेचं जाड कडं असतं. रेघ त्या कड्याला खालून जिथे भिडते, तिथे काच सगळ्यांत कच्ची. पुढे जे काही करायचं ते त्या एका ठिपक्यासाठी.

नव्याने शिकणाऱ्याला वाटतं की पातं काच कापतं. मलाही तसंच वाटायचं. पण काच कापली जात नाही, तडकते, आणि उरलेलं काम आतला दाब करतो. शॅम्पेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात. त्यासाठी लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर घालतात आणि त्यातून तयार होणारा वायू आतच कोंडला जातो. त्याचा दाब सुमारे 6 वातावरणांइतका होतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या अडीच-तीन पट. बुचावर आतून 12-13 किलो वजनाइतका रेटा सतत असतो. पात्याने कड्याला ठोका दिला की त्या कच्च्या जागी चीर पडते, ती क्षणात मानेभोवती फिरते आणि बुचासकट काचेची कडी उडून जाते. वाइन बाहेरच्या दिशेने उसळते, त्यामुळे काचेचे कण सहसा तिच्याबरोबर बाहेर पडतात. हे एकदा समजलं की हातातला अनावश्यक जोर आपोआप कमी होतो.

म्हणूनच पात्याला धार लागत नाही. या कलेला फ्रेंचमध्ये साब्राज म्हणतात आणि तिच्यासाठी बनवलेली तलवार मुळातच बोथट असते. स्वयंपाकघरातली जाड, वजनदार सुरीही चालते, पण ती पाठीकडून वापरायची. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या: पाठ पुढे गेली की धार बाटली धरलेल्या हाताकडे येते. तो हात तळाशीच हवा, आणि पातं कड्यापलीकडे गेल्यावर मानेवरून मागे ओढायचं नाही, बाजूला काढायचं. पातळ, लवचीक किंवा करवती सुरी घेऊच नका.

आता थंडाव्याबद्दल. माझा सगळ्यात मोठा धडा इथलाच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. गार वाइनमध्ये वायू विरघळून राहतो आणि दाब उतरतो. खोलीच्या तापमानाला तोच दाब बराच चढलेला असतो. बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, मग अर्धा तास बर्फ आणि पाण्याच्या बादलीत. शेवटची दहा-पंधरा मिनिटं तिला मानेवर उलटी ठेवा, कारण तडकायची असते ती मान. गार काच ठिसूळपणे, एका दमात तुटते.

एका समारंभात मी हे पाळलं नाही. बाटली बादलीत उभी होती, पोट बर्फात आणि मान उघड्यावर. वर ती पाहुण्यांमधून मिरवत आणली गेली होती. पहिला ठोका फुकट गेला, दुसराही. लोक बघत होते, मी तिसरा जोरात दिला आणि बाटली खांद्यापाशी फुटली. डाव्या तळव्याला दोन टाके पडले. पुढे कोणी उभं नव्हतं, म्हणून इतक्यावर निभावलं. प्रत्येक फसलेल्या ठोक्यागणिक काचेत न दिसणाऱ्या चिरा वाढत जातात. तेव्हापासून माझा नियम आहे: दोन ठोके फसले की पातं खाली ठेवायचं, बाटलीवर जाड कापड टाकायचं आणि ती तशीच बाजूला काढायची. पाहुण्यांसाठी दुसरी बाटली हाताने उघडायची. तसं करताना लाज वाटण्याचं काहीच कारण नाही.

प्रत्यक्ष कृती पाच सेकंदांची आहे. बाटली कोरडी पुसा, हलवू नका. मानेवरचा चकचकीत कागद पूर्ण काढा. तारेची जाळी सहा अर्ध्या वेढ्यांत सैल होते. काहीजण ती काढून टाकतात, काहीजण कड्याच्या वरच्या बाजूला सरकवून पुन्हा आवळतात. मी आवळते, कारण बूच आधीच निसटण्याची भीती राहत नाही. जाळी सुटल्यापासून बाटलीचं तोंड कोणाकडेही वळता कामा नये, स्वतःकडेही नाही. तळाच्या खोबणीत अंगठा घाला, बाकीची बोटं खालून पसरा, बाटली 30 ते 45 अंशांत तिरकी धरा आणि रेघ वर आणा. पातं रेघेवर सपाट टेकवा, एकदा-दोनदा सावकाश सरकवून वाट बघून घ्या, मग एका सरळ ओघात पुढे न्या. "मारू नकोस, सरकव, आणि कड्यापाशी थांबू नकोस," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही प्रत्येक वेळी ते कानात असतं. आपण नेमके कड्यापाशी कचरतो आणि तिथेच ठोका मरतो.

रिकाम्या बाटलीवर हाताची सवय होते, पण ती तुटत नाही. पाणी भरूनही उपयोग नाही, कारण आत दाब नसतो. कमी दाबाची, नुसती चुरचुरणारी वाइनही याच कारणाने टाळा. शॅम्पेन नसेल तर त्याच पद्धतीने बाटलीत आंबवलेली स्पेनची कावा किंवा फ्रान्सची क्रेमाँ वाइन घ्या. काचेला टवका किंवा ओरखडा दिसला तर ती बाटली नाकारा. नुसतं बूचही ताशी 80 किलोमीटरपर्यंत वेगाने सुटू शकतं, आणि इथे त्याला काचेची धारदार कडी चिकटलेली असते. समोर दहा मीटर मोकळी जागा हवी, सरावाला चष्मा हवा, आणि आधी एक घोटही घेतलेला नको.

इतिहास पाहुणे हमखास विचारतात. नेपोलियनच्या घोडदळातले हुसार स्वार घोड्यावरूनच बाटल्या उडवत, 1805 मध्ये विधवा झालेल्या, शॅम्पेनचा व्यवसाय चालवणाऱ्या मादाम क्लिको त्यांना शॅम्पेन देत, असं सांगतात. मी ते दंतकथा म्हणूनच सांगते. खात्रीने सांगण्यासारखं म्हणजे तारेच्या जाळीचं पेटंट अडोल्फ जॅकसाँ यांनी 1844 मध्ये घेतलं, आणि ही कला जपणारी 'कॉन्फ्रेरी दु साब्र दॉर' ही संस्था फ्रान्समध्ये 1986 साली सुरू झाली.

या क्षेत्रात येणाऱ्यांना माझा आग्रह एवढाच: आधी हाताने उघडायला शिका. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, आवाज नुसत्या सुस्काऱ्याएवढा. रोजच्या सेवेत तेच लागतं आणि वाइनही सांडत नाही. मुलाखतीत मला तलवारीबद्दल कोणी विचारलं नाही, पण टेबलावरची बाटली हाताने उघडायला मात्र सांगितलं.

बाटली उघडली की लगेच सरळ करा आणि मान अजिबात हाताळू नका, तिची कड वस्तऱ्यासारखी असते. ओतण्याआधी उडालेली कडी शोधा. ती अखंड असेल तर ओता; तुकडा कमी वाटला तर सगळी वाइन फेकून द्या, बाटली कितीही महागाची असो. बुचाला चिकटलेली ती कडी बहुतेक पाहुणे आठवण म्हणून मागतात. मी ती जाड रुमालात गुंडाळून, झाकणाच्या डबीत घालूनच त्यांच्या हाती देते.